एनिसची दुसरी नोकरी

“शिरीषदादा, मी एनिसला कधी नोकरी केली आहे का रे?”

शनिवारी सकाळी लेटरकेनीहून फोन करून डॉक्टर ज्ञानदाने पहिला प्रश्न हा विचारला. शिरीषला वाटलं, बाई ड्यूटीवरून आत्ताच आलेली दिसते, अर्धवट झोपेत बोलते आहे. लेटरकेनी आयर्लंडच्या वरच्या टोकाला, एनिस पार खाली क्लेअर परगण्यात. गाडीने चार-साडेचार तास. हॉस्पिटल सांभाळून तिथे नोकरी करायची तर पंखच हवेत.

पण ज्ञानदा पूर्ण जागी होती. तिच्या नागरिकत्वाची फाईल शेवटच्या टप्प्याला आली होती आणि खात्याने मागच्या वर्षाचं टॅक्सचं स्टेटमेंट मागवलं होतं. ते तिने न वाचताच पाठवून दिलं. त्यात हॉस्पिटलच्या नावाखाली आणखी एक नाव होतं: एनिसजवळचं एक हॉटेल. तिच्या पीपीएस नंबरावर, म्हणजे इथल्या टॅक्सच्या ओळखनंबरावर, तिथे वर्षभर पगार निघत होता आणि टॅक्सही कापला जात होता.

आता खात्याचं पत्र आलं होतं. अर्जात आपण एकच नोकरी लिहिली आहे, प्रत्यक्षात दोन दिसतात. अठ्ठावीस दिवसांत पुराव्यासह खुलासा करावा.

“आणि खुलासा पटला नाही तर?” शिरीषने विचारलं, उत्तर माहीत असूनही.

“तर खोटी माहिती दिली म्हणून अर्ज फेटाळणार. जुलैतल्या स्पेशालिस्ट ट्रेनिंगला इथल्या पासपोर्टवाल्यांचा नंबर आधी लागतो, दादा. तू जाणतोस. सहा वर्षं मी त्या एका जागेसाठी गावं बदलत फिरते आहे. यंदा नाही झालं तर मी परत नाही प्रयत्न करणार. माझ्यात तेवढं उरलेलं नाही.”

ज्ञानदा नागपूरला शिरीषच्या समोरच्या घरातली. त्याला सख्खी बहीण नाही, तिला भाऊ नाही. राखी दरवर्षी पोस्टाने येते. त्याने तिला घाबरू नकोस म्हणून सांगितलं. असली चूक म्हणजे दोन आकडे इकडचे तिकडे झालेले असतात, तासाभरात शोधतो, असंही वर म्हणाला. पुढे त्याला या तासाभराची फार लाज वाटली.

शिरीष राजधानीजवळच्या सिटीवेस्टच्या एका कंपनीत चारशे लोकांचे पगार काढायचा. त्यामुळे तो आपोआप इथल्या मराठी मंडळाचा सीए झाला. आपल्याकडे एकदा सीएकडे कागद टाकले की माणूस टॅक्स विसरतो. सही कुठे करायची तेवढं विचारतो. इथे टॅक्स भरायचा ज्याचा त्याने, जबाबदारी ज्याची त्याची. पण सवय कुठे जाते? एक्केचाळीस जणांनी आपले नंबर, जन्मतारखा आणि पासवर्ड शिरीषच्या लाल डायरीत उतरवून दिले होते आणि ते निवांत झाले होते. लॉगिनचा कोड फोनवर येतो, तर डॉक्टर ऑपरेशनमध्ये आणि इंजिनियर मीटिंगमध्ये. म्हणून शिरीषने सगळ्यांच्या खात्यांवर आपल्या एका जुन्या फोनचा नंबर टाकून दिला. तो फोन स्वयंपाकघरातल्या प्रेसमध्ये, चहाच्या डब्याशेजारी चार्जिंगला असायचा. इथे कपाटाला प्रेस म्हणतात आणि आता त्याची बायको चित्राही तसंच म्हणायची. या व्यवस्थेचा शिरीषला बराच अभिमान होता.

त्याने लॅपटॉप उघडला. प्रेसमध्ये फोन वाजला, चित्राने कोड वाचून दाखवला आणि त्याच्यापुढे चहाचा कप ठेवला. डायनिंग टेबलावर एक जुनं पांढरं मॅट होतं, एका कोपऱ्यात कढईने चंद्रकोरीसारखं जळलेलं. लोकांचे कागदही शिरीष त्याच मॅटवर ठेवून फोटो काढायचा, कारण तिथे उजेड चांगला यायचा.

चूक आकड्यांची नव्हती. हॉटेलने आठवड्याच्या आठवड्याला पगार नोंदवला होता. मागच्या जानेवारीच्या मध्यापासून मेच्या अखेरपर्यंत, मग एकदम काही नाही. ऑक्टोबरच्या एक तारखेपासून पुन्हा सुरू, डिसेंबरच्या मध्यावर पुन्हा बंद. या जानेवारीच्या मध्यापासून परत चालू, ते आजतागायत.

आणखी एक गोष्ट होती. टॅक्समधून प्रत्येकाला ठरावीक सूट मिळते. ज्ञानदाची अर्धी सूट कोणीतरी हॉस्पिटलवरून काढून हॉटेलच्या नोकरीवर टाकली होती. त्यामुळे हॉटेलच्या पगारातून टॅक्स कमी जात होता आणि ज्ञानदाच्या पगारातून जास्त. तिच्या ऑनकॉलच्या तासांमुळे तिचा पगार दर महिन्याला वेगळा येतो. दीड-दोनशे युरो कमी आले हे तिला कळायचं काहीच कारण नव्हतं.

म्हणजे कोणी रस्त्यावर सापडलेला नंबर वापरलेला नव्हता. ज्याने हे केलं त्याला तिच्या खात्यात शिरता येत होतं आणि शिरून काय करायचं हेही कळत होतं.

“तुझे कागद आणखी कोणाच्या हाती लागले असतील?” त्याने ज्ञानदाला विचारलं.

तिने बराच विचार करून स्मृतीचं नाव घेतलं. स्मृती म्हणजे लेटरकेनीत तिच्याबरोबर घर वाटून राहिलेली मुंबईची डॉक्टर. दोघींचे कागद एकाच ड्रॉवरमध्ये असायचे. आणि स्मृतीची बदली एनिसच्या हॉस्पिटलमध्ये झाली होती.

शिरीषने फोन ठेवला तेव्हा त्याला रहस्य सुटल्यासारखंच वाटत होतं. त्याने चित्राला सगळं सांगितलं. एरवी शेजारच्यांच्या कुत्र्याचीही चौकशी करणाऱ्या चित्राने एकही प्रश्न विचारला नाही. ज्ञानदाचं वाईट वाटत असेल, असा त्याने अर्थ लावला. या जानेवारीत त्याचं पित्ताशयाचं ऑपरेशन झालं, तेव्हा एक्केचाळीस जणांची वर्षअखेरची कामं चित्राने एकटीने निपटली होती, त्याच्याहून नीट. तिच्यावर ओझं पडलं म्हणून तो तेव्हापासून थोडा ओशाळलेला होता.

मंगळवारी रजा टाकून तो एनिसला निघाला. वाटेत लिमरिक लागतं. चित्राची धाकटी बहीण सानिका तिथे दोन वर्षांचा मास्टर्स करत होती. तिला जाता जाता भेटावं म्हणून त्याने फोन केला, पण तिचं लेक्चर होतं. मग शनिवारी-रविवारी सिटीवेस्टला जेवायला ये म्हणाला. शनिवार-रविवार जमत नाही जिजू, म्हणाली, आणि बुधवारी पण नाही. पोरगी फार अभ्यास करते, असं शिरीषला वाटलं. तिच्यासाठी त्याने एक तक्ता करून दिला होता, विद्यार्थ्यांनी कुठल्या महिन्यात आठवड्याला किती तास काम करावं याचा. त्याची एक प्रत अजून त्याच्या फ्रिजवर होती.

स्मृती हॉस्पिटलच्या कँटीनमध्ये भेटली. शिरीषने गोडीगुलाबीने सुरुवात केली, पण तिने त्याला मध्येच थांबवलं.

“तुम्ही मला विचारताय की मी हॉटेलात चादरी धुते का?”

“तुमच्या ड्रॉवरमध्ये तिचे कागद होते.”

“होते. आणि माझी बदली जुलैत झाली. ही नोकरी कधी सुरू झाली?”

“जानेवारीत.”

“मग जानेवारीत मी लेटरकेनीत होते. ज्ञानदाबरोबर एकाच वॉर्डात. आठवड्याला साठ-साठ तास. विचारा तिला.” ती उठली, पण जाता जाता तिचा आवाज निवळला. “तिचं खरंच अडकलंय का हो? तिच्याइतकं कोणी राबलेलं मी पाहिलं नाही. मला काही लिहून द्यायचं असेल तर देते.”

शिरीषने माफी मागितली. मनात मात्र त्याला भीती वाटायला लागली होती, कारण आता त्याच्याकडे दुसरं नाव नव्हतं.

हॉटेल गावाबाहेर होतं. लाँड्रीचं काम बघणारी नोरीन पन्नाशीची, तोंडाने फटकळ आणि मनाने चांगली बाई होती. ज्ञानदाच्या सहीचं पत्र बघून तिने फाईल काढली. आपण वर्षभर ज्ञानदा म्हणून जिला हाक मारली ती ज्ञानदा नाही, हे तिला पटेना.

“कशी आहे ती?” शिरीषने विचारलं.

“शांत. कामाला ग्रँड, एकदम चोख. बुधवार, शनिवार, रविवार. लिमरिकच्या बसने येते.”

शिरीषने फोनवर स्मृतीचा फोटो दाखवला. नोरीनने मान हलवली. “ही नव्हे. आमची लहान आहे.”

“उन्हाळ्यात ती का येत नाही?”

“तेच तर. उन्हाळ्यात लग्नांचा हंगाम, ख्रिसमसला पाय ठेवायला जागा नसते. नेमकी तेव्हाच गायब. मी विनवण्या केल्या. म्हणते, दुसरीकडे जास्त तास मिळतात. मग गर्दी ओसरली की बरोबर परत.”

तिने फाईलमधली ओळखपत्राची झेरॉक्स पुढे सरकवली. फोटो ज्ञानदाचाच होता, काळपट, नाक-डोळे धड न दिसणारा. परदेशी बाईचा चेहरा त्यावरून ओळखायची तसदी कोणी घेतली नव्हती. शिरीषने चेहरा पाहिला नाही. तो कागदाच्या खालच्या कोपऱ्याकडे बघत राहिला. कार्डाच्या कडेला ज्या वस्तूवर ठेवून फोटो काढला होता तिचा एक तुकडा आला होता. पांढऱ्यावर एक काळी चंद्रकोर.

तुम्हाला बरं वाटत नाहीये का, असं नोरीनने विचारलं. त्याने पाणी मागितलं. तिने आपण होऊन सांगितलं की तिला हे वर कळवावं लागेल, पण आठवडाभर ती थांबेल. तो जिना उतरला आणि गाडीत बसून राहिला. गर्दीत गायब आणि गर्दी ओसरली की बरोबर परत. तारखा त्याला बघायचीही गरज नव्हती. त्या त्याने स्वतः टाईप करून, लॅमिनेट करून फ्रिजवर लावल्या होत्या.

परतीच्या वाटेवर लिमरिक लागलं, तेव्हा तो थांबला नाही.

मार्चमधल्या सेंट पॅट्रिक्सच्या सुट्टीला त्याने सगळ्यांना घरी बोलावलं. ज्ञानदा सकाळी निघून एकला पोचली. सानिका बसने आली. परेडहून परतणारी हिरव्या टोप्यांची पोरं बाहेर ओरडत होती. चित्राने मसालेभात केला होता, पण शिरीषने ताटं मांडू दिली नाहीत. त्याने टेबलावर हॉटेलातून आणलेली झेरॉक्स ठेवली आणि फ्रिजवरचा तक्ता काढून तिच्या शेजारी ठेवला.

“मी आधी स्मृतीला चोर ठरवलं,” तो म्हणाला. “कारण ती बाहेरची होती. पण ही नोकरी ती एनिसला जायच्या सहा महिने आधीची. मग हॉटेलात कळलं की बाई ऐन हंगामात काम सोडते. पैशासाठी काम करणारं माणूस जास्त पैसे मिळायच्या वेळी का जाईल? तर तेव्हा तिला दुसऱ्याच्या नावाची गरजच नसते म्हणून. विद्यार्थ्याला आठवड्याला वीस तास काम करता येतं. जून ते सप्टेंबर, आणि पंधरा डिसेंबर ते पंधरा जानेवारी, चाळीस तास. त्या दिवसांत ती लिमरिकला स्वतःच्या नावावर चाळीस तास काम करते. बाकीचे महिने वीस तास स्वतःच्या नंबरावर आणि वरचे वीस ज्ञानदाच्या.”

सानिकाने मान वर केली नाही.

“बुधवार, शनिवार, रविवार,” शिरीष म्हणाला. “मी जेवायला बोलावलं तेव्हा तू हेच तीन वार सांगितलेस.”

“हो जिजू.”

“पण सानिकाला ज्ञानदाचा नंबर माहीत नव्हता. पासवर्ड नव्हता. सूट एका नोकरीवरून दुसऱ्या नोकरीवर कशी टाकायची हेही तिला येत नाही. त्यासाठी लाल डायरी हवी, लॅपटॉप हवा आणि प्रेसमधला फोन हवा. या झेरॉक्सच्या कोपऱ्यात आपलं मॅट आहे. आणि जानेवारीत वर्षअखेरचं काम मी केलं असतं तर हॉटेलचं नाव मला तेव्हाच दिसलं असतं. ज्याने केलं, त्याने ते पाहिलं आणि दडवलं.”

तो चित्राकडे बघूही शकत नव्हता.

“मी तुला विचारलं होतं, शिरीष,” चित्रा म्हणाली. तिचा आवाज अगदी नेहमीचा होता. “सानिका आली त्याच वर्षी, डिसेंबरात. हिच्या फीचा हप्ता थकला होता, कॉलेज नाव काढत होतं, बाबांना कर्ज मिळत नव्हतं. इथेच बसून विचारलं. तू म्हणालास, घर घ्यायला जमवलेल्या डिपॉझिटला हात लावायचा नाही. बरोबरच होतं तुझं. दुसऱ्यांदा मी विचारलं नाही.”

शिरीषला ते आठवत होतं. तो तेव्हा कोणाचा तरी फॉर्म भरत होता आणि त्याने स्क्रीनवरून डोळेही उचलले नव्हते.

“ज्ञानदाच का?” त्याने विचारलं.

“पगार मोठा. लक्षात येणार नाही वाटलं. सानिकाचं शिक्षण संपलं की बंद करणार होते, सूट परत जागच्या जागी टाकणार होते.” मग ती पहिल्यांदाच ज्ञानदाकडे वळली. “नागरिकत्वाला हे कागद मागतात हे मला माहीत नव्हतं गं. देवाशपथ नव्हतं.”

ज्ञानदाने त्या झेरॉक्सवर बोट ठेवलं.

“वहिनी, त्या डिसेंबरात मी इथेच होते. ख्रिसमसला. तुम्ही मला केक भरवलात. तेव्हा मला सांगितलं असतंत तर मी त्याच दिवशी पैसे दिले असते.”

चित्रा तोंडावर पदरासारखी ओढणी धरून रडायला लागली. ज्ञानदाने तिला थांबवलं नाही. तिने शिरीषला विचारलं, खुलाशात नाव लिहावं लागेल का. लागेल, तो म्हणाला. नाव नसेल तर तो खुलासा नाही, नुसतं नाकारणं आहे. दोघींची नावं का? दोघींची. आणि माझंही, तो म्हणाला, कारण डायरी माझी आहे.

“लिहा जिजू,” सानिका म्हणाली. “मला रात्री झोप लागत नाही. हॉटेलात मला सगळे ज्ञानदा म्हणतात. मी ओ देते.”

मसालेभात तसाच राहिला. अंधार पडायच्या आत लेटरकेनीकडच्या, डोनेगलच्या वळणांवरून जायला हवं म्हणून ज्ञानदा तीनलाच निघाली. दारात शिरीषने तिला, आता सगळं नीट होईल, असं म्हणायला तोंड उघडलं आणि मिटलं.

पत्र त्याच आठवड्यात गेलं. टॅक्सवाल्यांनी एनिसची नोकरी ज्ञानदाच्या नावावरून काढून टाकली, कापलेले पैसेही परत दिले. तेवढं एकच काम वेळेत झालं. सानिकाला राहण्याची परवानगी का रद्द करू नये अशी नोटीस आली. डिग्रीला दोन महिने उरले असताना ती स्वतःहून विमानात बसली. चित्राची चौकशी सुरू झाली. घराचं डिपॉझिट वकिलाकडे गेलं. नवराबायको एका घरात राहत होती, वेळच्या वेळी जेवत होती आणि कामापुरतं बोलत होती.

नागरिकत्वाच्या खात्याचं उत्तर मे महिन्यात आलं. आपला खुलासा मिळाला. आपली लॉगिनची माहिती आपण स्वतः दुसऱ्याच्या हवाली केली होती, याची नोंद घेतली आहे. संबंधित चौकशी संपेपर्यंत अर्जावर निर्णय होणार नाही. चौकशी कधी संपेल हे लिहिलेलं नव्हतं. जुलै आला आणि गेला. ज्ञानदाने गाडी विकायला काढल्याचं शिरीषला स्मृतीकडून कळलं.

त्याने लाल डायरी घेतली आणि एकेकाला फोन लावला. प्रत्येकाला खरं काय ते सांगितलं, आणि पासवर्ड बदला, माझा नंबर काढून तुमचा टाका, म्हणाला. लोकांनी हळहळ व्यक्त केली. अर्ध्याअधिकांनी पुढे तेच विचारलं: ते कसं करायचं असतं, तूच करून टाक ना, आमचा तुझ्यावर विश्वास आहे. शिरीषला त्यांचा राग आला आणि त्याहून जास्त स्वतःचा आला.

चाळीस फोन झाले. एक्केचाळिसावा ज्ञानदाचा. तो वाजत राहिला आणि बंद झाला. त्याने पुन्हा लावला नाही.

तेवढ्यात प्रेसमध्ये जुना फोन वाजला. स्वयंपाकघरात चित्रा होती. तिने दार उघडलं, पण फोनला हात लावला नाही. बाजूला सरकून त्याला वाट दिली. शिरीषने मेसेज वाचला. एका खात्यावरून हा मोबाईल नंबर काढून टाकण्यात आला आहे, इतकंच त्यात होतं. खाली ज्ञानदाच्या नंबराचे शेवटचे चार आकडे होते.

त्याने डायरीतली तिची ओळ खोडली आणि फोन परत चार्जिंगला लावला. अजून चाळीस जणांचे कोड त्याच्यावर यायचे होते.